ड्रम उघडल्यावर

खेरडी, रविवार. पावसाळ्यात गाडी हँडब्रेकवर उभी ठेवली की ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. आज मागचं चाक काढलंच. पुढच्या चाकांना विटा, हँडब्रेक सोडलेला. हातोडा नको. मारुतीच्या ड्रमला आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत ८ एमएमचे बोल्ट आलटून-पालटून आवळत गेलं की ड्रम आपणहून बाहेर सरकतो. ज्याला हे सुचलं तो स्वतः कधीतरी वैतागलेला असणार! आतली धूळ फुंकली नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्यानं पुसली. दुसरी बाजू तशीच ठेवली, स्प्रिंग कुठं अडकते ते बघायला.

आधुनिक ड्रम ब्रेकचं श्रेय लुई रेनोला देतात, १९०२ चं. फिरता ड्रम पुढच्या शूला ओढून घेतो आणि तो स्वतःच जास्त घट्ट दाबला जातो. म्हणून तोच आधी झिजतो. आमचाही तसाच झिजलेला. व्हील सिलिंडरची रबरं गळत होती, तीही बदलली. मग हवा काढणं: बायको पेडल धरून "दाबलंय" म्हणते, मी निपल सैल करतो. शेजारचे काका गुजरातीत विचारत होते, गॅरेज बंद आहे का? उद्या खानवेलच्या रस्त्याला, आधी सावकाश.