लिलावातला भोपळा

सुगी झाली की आमच्याकडच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा रविवार येतो. वेदीपुढे बाजरीची कणसं, गुळाची ढेप, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि कुणाच्या तरी परसातला भलामोठा भोपळा. उपासना संपली की लिलाव. बाजारात ज्याला कुणी विचारणार नाही अशा भोपळ्यावर चढाओढ लागते, आणि गंमत अशी की जिंकणारा तो घरी नेत नाही. पुन्हा लिलावात ठेवतो. एकच भोपळा तीनतीनदा विकला जातो. हिशेबनिसाला हा व्यवहार पटणार नाही. मला मात्र त्या दिवसाच्या उपदेशापेक्षा हा लिलावच जास्त कळतो.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे झाले. उपकार मानायला परतला एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. उरलेले नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं खरं. पण त्या नवांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही. आभाराच्या अटीवर दिलेलं ते दान नव्हतंच. एवढी एक गोष्ट नीट उमगली असती, तर सुवार्तेच्या नावाखाली चालणारा बराच आरडाओरडा थांबला असता. कर्णा लावून दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवणारा प्रचारक पाहिला की मला वाटतं, ह्याला काही मिळालेलंच नाही. मिळालं असतं तर हा भांडला कशाला असता?

कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीत. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा जमल्या. उतरायच्या आधी त्याने हातात पुस्तक ठेवलं आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांना त्याचं नाव कळलं नाही. पुस्तक वाचायचं म्हणून ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आले तेव्हा ते हातातून सुटेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरं ठरलं, ह्याचं मला फारसं नवल नाही. देऊन आपल्या वाटेने निघून जाणं मात्र साधत नाही सगळ्यांना.

पुढे टिळकांनी ख्रिस्त सांगितला तो अभंगांतून, कीर्तनांतून. टाळ-मृदंग घेऊन बसलेल्या माणसांना ऑर्गनच्या चालीवर उभं करण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. तुकोबांचं ऋण ते उघडपणे मानत, आणि ज्याला आपल्या मातीचे उपकार आठवतात त्याच्या तोंडची सुवार्ता परकी वाटत नाही.

पण त्यांच्या विश्वासाची खरी परीक्षा घरात झाली. नवऱ्याचा बाप्तिस्मा हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळल्यासारखा होता. काही वर्षांनी त्या परत नांदायला आल्या त्याही आपलं सोवळं घेऊनच. टिळकांनी ते मोडायचा हट्ट धरला नाही. उलट त्यांच्या वेगळ्या पाण्याची, वेगळ्या स्वयंपाकाची सोय बघितली. हजारोंपुढे कीर्तन करणं एक वेळ सोपं, पण घरातल्या माणसाला त्याच्या वेळेने येऊ देणं फार कठीण. जातिभेद माणसानेच केला, हे लक्ष्मीबाईंना एके दिवशी आपलं आपण पटलं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनीच.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तुमच्या घरी असेलच. विनोदासाठी ते पुष्कळदा वाचलं असेल. आता एकदा त्यातलं सोवळं सुटतं ती पानं काढून वाचा, आणि टिळक तिथे किती कमी बोलतात ते बघा.