पंधरवड्याची फेरी

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय अंगास, जेथे पैनगंगा तेलंगणाशी सरहद्द आखून देते आणि झरी-जामणी, मारेगाव व केळापूर या तालुक्यांतील कपाशीची काळी शिवारे सागाच्या रानाला जाऊन भिडतात, तेथे कोलामांचे लहान लहान पोड, म्हणजे वस्त्या, विखुरलेले आहेत. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या ज्या तीन जमातींना महाराष्ट्रात सरकारदप्तरी विशेष असुरक्षित गणले जाते, त्यांपैकी कोलाम ही एक. आणि तिची कोलामी बोली द्राविड कुळातील असल्यामुळे, दवाखान्यातील मराठी प्रश्न बाळंतिणीच्या कानी पडला तरी त्याचा निम्मा अर्थ वाटेतच राहतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे, आणि या मुलुखात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेशी माझा अनेक वर्षांचा ऋणानुबंध आहे. भाड्याच्या दोन खोल्या, नोंदवह्यांचे एक कपाट, पोडापोडांतून निवडलेल्या काही स्त्रिया आणि त्यांच्या कामाची पाहणी करणारी एक परिचारिका, एवढाच तिचा सारा सरंजाम.

या कामाची मूळ प्रेरणा गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तेथे ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली, आणि पुढे 39 गावांत असा प्रयोग केला की, जे नवजात अर्भक रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या घरीच उपचार पोहोचवावा. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रीला त्यांनी आरोग्यदूत केले. वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळाला उबेत ठेवणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, हे सारे तिला शिकवले. हजार जिवंत जन्मांमागे 62 असलेला नवजात मृत्युदर 1997-98 पर्यंत 25 वर आला, आणि 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे ‘अंकुर’ या नावाने महाराष्ट्रातील सात संस्थांनी तीच पद्धत आपापल्या क्षेत्रात राबवली, तेव्हा तेथेही नवजात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे हे यश एका कर्तबगार दांपत्याच्या पुण्याईचे नव्हे, पद्धतीचे आहे, याची रुजुवात झाली.

त्या पद्धतीचे मर्म कोठे आहे, हे मला पुस्तकातून नव्हे, एका पोडावर कळले. ऑक्टोबर अखेरचे दिवस होते, वेचणी सुरू झाली होती, आणि बाळंतपणाला तीन आठवडेही न झालेल्या बाया मजुरीसाठी कपाशीत उतरत होत्या. (हा त्यांचा अविचार नव्हे, वेचणीची मजुरी त्याच दिवसांत मिळते, आणि वर्षाचे तेलमीठ तिच्यावर चालते.) आमची एक नवी आरोग्यदूत मनापासून काम करीत होती, तिच्या वहीत एका बाळाचे वजन सव्वादोन किलो लिहिले होते. पंधरवड्याच्या फेरीला आलेल्या परिचारिकेने वही मिटून ठेवली आणि काट्याला रिकामी झोळी अडकवली. काटा शून्यावर नव्हता. पाव किलोपेक्षाही थोडा पुढे होता. बाळ दोन किलोंहून कमी भरले, म्हणजे ते विशेष जोखमीचे. “सकायपासून दूध वढत नाही, बाई,” असे त्याची आजी हळूच म्हणाली. हातपाय गार होते, रडणे क्षीण होते. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून लुगडे गुंडाळले, दूध पिळून वाटीचमच्याने पाजले, आणि तशाच अवस्थेत जीपने तालुक्याच्या दवाखान्यात नेले. ते वाचले. त्या नव्या बाईला कोणी बोल लावला नाही. परिचारिका तिच्याशेजारी बसून काटा शून्यावर आणणे तिच्याकडून दहा वेळा करवून घेत राहिली, आणि त्यानंतर तिच्या वहीतले वजन कधी चुकले नाही.

सरकारने 2005 साली ‘आशा’ या गावातल्याच आरोग्य स्वयंसेविकेची योजना आणली, 2011 पासून घरोघरी नवजात शिशूंची काळजी घेण्याचे काम तिच्याकडे सोपवले, आणि तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या गृहभेटींचे वेळापत्रक देशभर लागू केले. ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. कोणतीही संस्था आयुष्य वेचूनही एवढ्या दारांशी पोहोचली नसती. परंतु गडचिरोलीत आरोग्यदूताच्या हाती दिलेली सुई आशाच्या हाती आली नाही. 2014 साली जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली ती परिचारिकेला, आणि तीही विशिष्ट परिस्थितीत. ही तजवीज सावधपणाची असेल, पण जेथे परिचारिकेचे उपकेंद्र नाल्यापलीकडे आहे आणि नाल्याला पूर आहे, तेथे ती मला अपुरी वाटते. याहून अधिक खेद मला दुसऱ्या गोष्टीचा आहे. आशाच्या साहित्याची पिशवी पोहोचली, तक्ते पोहोचले, कामागणिक मोबदला ठरला. मात्र दर पंधरवड्याला येऊन काटा शून्यावर आहे की नाही हे पाहणारे, चुकले तर शेजारी बसून शिकवणारे माणूस बहुतेक ठिकाणी पोहोचले नाही. जी पोडावर एकटी पडते, तिचे कौशल्य गंजते, आणि मग दोष तिच्या अल्पशिक्षणावर ढकलला जातो. तो अन्याय आहे.

छोट्या संस्था आजही करू शकतात ते हेच पाहणीचे आणि शिकवण्याचे काम. दुर्दैवाने आम्हांला इमारतीसाठी देणगी मिळते, रुग्णवाहिकेसाठी मिळते, कारण त्यांवर नाव कोरता येते. पाहणीची फेरी करणाऱ्या बाईच्या पगाराची तरतूद मात्र दर वर्षी मार्चमध्ये तुटीत येते. म्हणून या दिवाळीत आपल्यापैकी ज्यांच्या मनात अशा एखाद्या संस्थेला काही द्यावे असे असेल, त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी एका परिचारिकेचा वर्षाचा पगार आणि तिच्या फेरीचा प्रवासखर्च द्यावा.