तीन रविवारची पुकार



डिसेंबरच्या अंकात नाताळावर चार शब्द लिहायचे, असा आमचा रिवाज आहे. यंदा आमच्याच स्टाफरूममधली गोष्ट सांगतो. ज्या दोघांची ही गोष्ट, त्यांनी मजकूर आधी वाचला आहे. सरांनी काही बदलले नाही. मॅडमनी दोन वाक्ये कापली आणि शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या. मॅडमच्या घरची भाषा हिंदी, हे विशेष! आमचे शिक्षणही सगळे हिंदी माध्यमातले. ऱ्हस्व-दीर्घ आमच्या हातात कधी बसले नाही.

गणिताचे सर मूळ नगरचे. आता त्या गावाला अहिल्यानगर म्हणतात, म्हणजे आपल्या इंदूरकरांना ते आपलेच. तिथल्या मराठी ख्रिस्ती घरांतून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने लहानपणीच पाठ होतात. पेटीवर सूर धरून सर ती फार छान म्हणतात. विज्ञानाच्या मॅडम महूच्या. दोघे एकाच वर्षी शाळेत लागले, रविवारी एकाच चर्चमध्ये जायचे, आणि सोमवार ते शनिवार एकमेकांशी भांडायचे.

भांडायला कारण लागतेच असे नाही. प्रयोगशाळेची किल्ली, रंगीत खडूंचा डबा, विज्ञान प्रदर्शनासाठी गणिताचा तास घेतला, गणिताच्या जादा वर्गासाठी प्रॅक्टिकल रद्द केले. शनिवारचा शेवटचा तास तर दोघांनाही नको असायचा. त्या तासाला मुले वर्गात असतात, मन बस स्टॉपवर.

आता आमचा भाग. हे भांडण मिटवायला हवे होते. आम्ही ते जपले. दहावीचा निकाल लागला की दोन्ही विषयांची सरासरी स्टाफरूमच्या फळ्यावर लाल खडूने आम्हीच लिहायचो, एकाखाली एक. दोघे फळ्याकडे बघायचे, काही बोलायचे नाहीत, आणि पुढच्या वर्षी दोन्ही आकडे वर जायचे. विश्वस्त खूश, पालक खूश. आम्हालाही आपण फार हुशार प्राचार्य आहोत असे वाटायचे.

2017 मध्ये उपप्राचार्याची जागा रिकामी झाली. सर एकदा फाईल घेऊन आले तेव्हा आम्ही म्हणालो, "तुमचंच नाव डोक्यात आहे." आठवड्याभराने मॅडमनाही तेच म्हणालो. खोटे बोलायचा हेतू नव्हता. ज्याच्यासमोर बसलो होतो त्याचेच नाव त्या वेळी खरोखर डोक्यात होते. शिफारस लिहायची वेळ आली तेव्हा मॅडमचे नाव लिहिले. ती निवड बरोबर होती, असे आजही वाटते.

सरांनी विश्वस्तांना दोन पानांचे हरकतपत्र दिले. त्यात मॅडमच्या कामातल्या सात त्रुटी होत्या, क्रमांक घालून. गणिताचा माणूस! मॅडमना ते कळले आणि स्टाफरूममध्ये बोलणेच बंद झाले. भांडण होते तोवर निदान आवाज तरी यायचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूची एक शिकवण आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी समेट करा, मग या. आपल्याला कोणाचा राग आहे, असे तिथे म्हटलेले नाही. दुसऱ्याला आपला राग आहे का, हे विचारले आहे. सरांना ते शनिवारी रात्री आठवले. स्कूटरने महू गाठले तेव्हा साडेनऊ वाजले होते. मॅडमच्या वडिलांनी दार उघडले आणि एवढ्या रात्री कोण आजारी पडले म्हणून विचारले.

सरांनी पत्र मागे घेतो म्हणून सांगितले. पण टाइमटेबल माझेच चांगले होते, हेही सांगितले! मग म्हणाले, "मोठ्या सरांनी मला शब्द दिला होता, म्हणून जास्त लागलं." मॅडम म्हणाल्या, "आपको भी?" यानंतर दोघे किती वेळ हसले ते आम्हाला बरेच उशिरा कळले. कापलेली दोन वाक्ये इथलीच होती.

पुढे सरांनी मॅडमना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचायला दिली, मराठी सुधारावे म्हणून. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. न सांगता घरातून निघून जाणारा, हातातले पैसे कोणालाही देऊन टाकणारा नवरा, आणि त्याच्याशी भांडत भांडत त्याच्यावर जीव लावणारी ही बाई. पुस्तक वाचताना हसू थांबत नाही. मॅडम प्रत्येक प्रकरणात लक्ष्मीबाईंच्या बाजूने, सर टिळकांच्या. मधल्या सुट्टीत वाद पुन्हा सुरू झाले. आम्ही समजलो, चला, जुने दिवस आले.

मग एका सकाळी दोघे एकत्र केबिनमध्ये आले. ख्रिस्ती लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. कोणाची हरकत असेल तर सांगावी, असे पाळक विचारतात. तिसऱ्या पुकारेला आम्ही शेवटच्या बाकावर होतो. हरकत असेल तर, हे शब्द आले तसे ते दोन पानांचे पत्र आठवले. सर तेव्हा आमच्याकडेही माफी मागायला आले होते. आम्ही मोठ्या मनाने ती दिली होती, आणि आपली मागायची राहूनच गेली होती.

सोमवारी दोघांना बोलावून आम्ही सांगितले की शब्द दोघांना दिला होता, चूक आमची होती, फळ्यावरचे आकडेसुद्धा. सर खाली बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, "वो तो हमको उसी रात पता चल गया था, मोठे सर." आणि नवे टाइमटेबल सहीसाठी पुढे केले. शनिवारचा शेवटचा तास गणिताला होता. आम्ही सरांकडे पाहिले, सरांनी मॅडमकडे पाहिले.

आम्ही सही केली.