गाभोळीत साठलेलं

11 फेब्रुवारी
उजाडायच्या आत पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर गेलो. बरगे घातलेले, त्यामागे पाणी तुंबून काळं पडलंय. वर जलपर्णी, खाली उग्र वास. चिलापी पाण्याच्या अगदी वरच्या थरात दाटीवाटीनं आलेली. एक काठाशी होती. तोंड सारखं उघडझाप, आणि कल्ल्यांची झाकणी इतकी भराभर हलत होती की मोजताच येईना. जाळं घेऊन आलेल्या भोई काकांनी जाळं खांद्यावरून उतरवलंच नाही.
"सर, आज नुसत्या वर आल्यात. आणि दोन दिवस असंच राहिलं तर उताण्या दिसतील."

कोल्हापूर शहराचे नाले, इचलकरंजीचं कापड-प्रक्रियेचं पाणी, गाळपाच्या हंगामात येणारं मळीमिश्रित पाणी, सगळं वाहत येऊन इथं थांबतं. ते कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. रात्री शेवाळही तोच घेतं, म्हणून पहाट सगळ्यात वाईट.

13 फेब्रुवारी
मुलांना माशाचं रक्त काढायला शिकवलं. लवंग तेलाच्या पाण्यात मासा शांत करायचा, गुदपराच्या मागं पोटाच्या मध्यरेषेवर सुई टोचून कण्यापर्यंत न्यायची, मग किंचित मागं घ्यायची. मासा हाती आल्यापासून तीनेक मिनिटांत हे उरकायला हवं. पकडल्याच्या धसक्यानंच रक्तातलं कॉर्टिसॉल चढायला लागतं. मग नदीनं दिलेला ताण कोणता नि आपण दिलेला कोणता, ते सांगता येत नाही.

माशाला आपल्यासारखी वेगळी अधिवृक्क ग्रंथी नसते. ते काम डोक्यालगतच्या वृक्कातल्या पेशी करतात. थोडा वेळ चढलेलं कॉर्टिसॉल त्याच्या भल्याचंच. साखर मोकळी होते, पळायला बळ मिळतं. आठवडेच्या आठवडे ते चढलेलंच राहिलं तर वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती ढासळते, अंडी नीट धरत नाहीत. अंगावर लाल व्रण पडलेली मरळ दिसली की लोक जंतूंना दोष देतात. जंतू पाण्यात बाराही महिने असतात. खचलेली असते ती मरळ.

2 मार्च
वर्गात एका मुलीनं सेलेनियमबद्दल विचारलं. फार बरं वाटलं. मासे तपासायचे कसे, हे या एका मूलद्रव्यानं जगाला शिकवलंय.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात बेल्यूज नावाचं सरोवर आहे. 1970च्या दशकात कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या राखेचं पाणी त्यात जाऊ लागलं. सरोवरात सेलेनियम लिटरमागे साधारण 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे भारतीय मानक पिण्याच्या पाण्यात जेवढं चालवून घेतं तेवढंच. तरीही माशांच्या 20 पैकी 19 जाती तिथून नाहीशा झाल्या. शेवाळ सेलेनियम शोषतं, किडे शेवाळ खातात, मासे किडे खातात आणि साठा वाढत जातो. मादी तो अंड्यांच्या बलकात उतरवते. ती स्वतः धडधाकट दिसते, पोहते, अंडी घालते. पिल्लू बलकावर जगू लागलं की विष त्याच्या अंगात भिनतं. कणा वाकडा होतो, डोळे बाहेर येतात, पोट पाण्यानं फुगतं. मोठे मासे मरून तरंगले असते तर लोक धावले असते. इथं पुढची पिढीच आली नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं 2016 साली गोड्या पाण्यासाठी सेलेनियमची मर्यादा ठरवली, तेव्हा पाण्यापेक्षा गाभोळीला वरचा मान दिला. गाभोळीच्या कोरड्या वजनात किलोमागे 15.1 मिलिग्रॅम.

3 मार्च
कालच्यात एक राहिलं. हेच सेलेनियम माशाला हवंही असतं. पेशींना इजा करणारी पेरॉक्साइडं निकामी करणारं एक विकर त्याच्यावाचून चालत नाही. म्हणून शेततळ्यातल्या माशांच्या खाद्यात ते घालतात, तेही किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशात. काही पटींनी जास्त झालं की ज्या इजेपासून ते वाचवतं तीच इजा ते स्वतः करतं. गरज आणि विष यांत इतकं थोडं अंतर असलेली द्रव्यं फार नाहीत.

19 मार्च
पंचगंगेकाठी कोळशाचं मोठं वीज केंद्र नाही. इथल्या माशांचा पहिला शत्रू प्राणवायूची टंचाई, मग अमोनिया. सेलेनियमची काळजी विदर्भात जास्त करायला हवी. जुलै 2022 मध्ये तिथल्या कोराडीच्या कोळशाच्या वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राखेचं पाणी कन्हान नदीपर्यंत गेलं.

तपासायची रीत मात्र दोन्हीकडे एकच हवी. मासे मेले की पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात, पंचनामा होतो. तोवर ते पाणी नृसिंहवाडीच्या संगमाकडे निघून गेलेलं असतं. मासा त्या पाण्यात महिनोन्महिने जगलेला असतो. काय काय सोसलं ते त्याच्या यकृतात, कल्ल्यांत, गाभोळीत सापडतं, आणि ते तपासा असं कुणी म्हणत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

9 जून
मृगाची पहिली मोठी सर. ओढे वाहू लागले. आता चढणीचे मासे सुरू होतील, माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात उतरतील. चढणीच्या मादीचं पोट गाभोळीनं गच्च असतं. काकांना सांगितलं, दोन-चार माद्यांची गाभोळी आम्हाला ठेवा, बाकीच्या माद्या वर जाऊ द्या.
"मी सोडीन. पलीकडच्या बांधावरचा सोडंल का?"
दोघं मिळून त्याच्याशी बोलायचं ठरलं.

बर्फाचा डबा, सुया, लवंग तेल तयार आहे. तेरवाडची मासळी वेगळी, प्रयाग चिखलीच्या वरची वेगळी ठेवायची. वर नदी अजून बरी आहे, तुलनेला तीच लागेल. यकृत, कल्ले, गाभोळी यांची स्वतंत्र पाकिटं, प्रत्येकावर गाव आणि तारीख. पहिली खेप उद्या पहाटे.