चौफुल्यामार्गे इंटरनेट

जून २०१२. भाचीची बारावी झाली होती, प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि ताईच्या दौंडच्या घरी लँडलाइन नव्हती. म्हणून भाऊजींनी यूएसबी डोंगल आणला. संगणक माझाच जुना. त्यावर उबुंटू १०.०४ हे लिनक्स टाकून मीच दिला होता. रात्री शिरूरला भाचीचा फोन आला. "मामा, डोंगल लावला की नुसती सीडी उघडते. आत विंडोजच्या फायली आहेत."

अर्धं निदान तिनेच केलं होतं. असे डोंगल खोचल्याबरोबर आपण सीडी ड्राइव्ह आहोत असं सांगतात, म्हणजे विंडोजवाल्याला प्रोग्रॅमची वेगळी सीडी लागत नाही. मग संगणकाकडून ठरावीक संदेश गेला, बऱ्याचदा तो 'सीडी बाहेर काढ' एवढाच असतो, की ते रूप टाकून मोडेम होतात. लिनक्सवर हा संदेश यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटासा प्रोग्रॅम धाडतो. कोणत्या डोंगलला काय सांगायचं याची यादी त्याच्यासोबत येते. दौंडच्या संगणकातली यादी २०१०ची होती आणि डोंगल त्यानंतरचा.

यादी नवी करायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी यादी. मी शिरूरच्या कॅफेत ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवली आणि सकाळची एसटी धरली. न्हावरा, पारगावजवळचा भीमेचा पूल, चौफुल्याला गाडी बदलून दौंड.

फाइल चढेना. नव्या यादीला मूळ प्रोग्रॅमही नवाच हवा होता आणि तो मी आणला नव्हता. भाची पेनड्राइव्ह घेऊन स्टेशनजवळच्या कॅफेत गेली. अर्जही तिथेच भरता आला असता. पण कॉलेजांचा पसंतीक्रम पोरीने पाठीमागे रांग उभी असताना ठरवू नये, चार वेळा बदलून बघावा, असं मला मनापासून वाटत होतं.

ती परतली तेव्हा वीज गेलेली. वीज आल्यावर दोन्ही फायली चढवल्या, डोंगल काढून पुन्हा लावला आणि टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी चालवलं, म्हणजे जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी मागवली. डोंगलच्या ओळीत दोन आकडे असतात, पहिला कंपनीचा, दुसरा वस्तूचा. तिला आधीची ओळ वहीत लिहून ठेवायला सांगितलं होतं. तिने बोट ठेवून जुळवलं. पहिला आकडा तोच, दुसरा बदललेला. सीडीचा मोडेम झाला होता.

नेटवर्क मॅनेजरमध्ये मोबाइल ब्रॉडबँड दिसू लागलं, सिमच्या पाकिटावरचं एपीएन भरलं, जोडणी झाली. आणि मिनिटाभरात तुटली. पुन्हा तसंच. डीमेसेगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या संदेशांत, दर वेळी डोंगल निघाल्याची नोंद, आणि हात तर कोणीच लावलेला नव्हता. तेव्हा संशय विजेवर गेला. सिग्नल शोधताना डोंगलला बरीच वीज लागते आणि आमच्या जुन्या डब्याच्या पुढच्या खोबण्यांतून ती पुरेशी मिळत नव्हती. मागे, थेट मदरबोर्डच्या खोबणीत लावला. निळा दिवा स्थिर झाला. ताई चहा घेऊन आली आणि कपबश्या हातात धरून तशीच पडद्याकडे बघत उभी राहिली.

आठवड्याने भाचीचा फोन आला. "मामा, आज तो परत सीडी झाला होता. वहीतला आकडा बघितला, काढून पुन्हा लावला. पसंतीक्रम तिसऱ्यांदा बदललाय, ऐकतोस का?"