दुपारची डिटेक्टिव्ह

मैत्रिणींनो, दुपारी मागचं आवरून झालं की तुमच्यापैकी कितीजणी खुनाचा तपास करायला बसतात? हसू नका. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आठवडाभर हाच उद्योग केला. त्यापायी एकदा दूध उतू गेलं आणि एकदा ह्यांना सकाळचीच आमटी रात्री गरम करून वाढली.

झालं असं, की माझ्या दिरांचा मुलगा पुण्याहून चार दिवस राहायला आला होता. म्हणाला, "काकू, तुम्ही एवढ्या रहस्यकथा वाचता, हा गेम खेळून बघा." मी म्हटलं, "नको रे बाबा, ते धावणं आणि गोळ्या झाडणं मला नाही जमायचं." तर म्हणे, ह्यात धावायचं नाही, नुसतं ऐकायचं.

खेळाचं नाव ‘हर स्टोरी’. सॅम बार्लो नावाच्या इंग्रज गृहस्थांनी तो २०१५ साली केला. पडद्यावर पोलीसचौकीतला जुनाट कॉम्प्युटर दिसतो. १९९४ साली एका बाईचा नवरा नाहीसा झाला आणि पोलिसांनी तिच्या सात वेळा जबान्या घेतल्या, अशी कथा. त्या जबान्यांचे अडीचशेहून अधिक तुकडे त्या कॉम्प्युटरात आहेत. बाहुलीसारखी चित्रं नव्हेत हं, हाडामांसाची नटी आहे, विवा सायफर्ट. (ही मूळची गाणंबजावणं करणारी, आणि त्याही आधी १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनतर्फे जिम्नॅस्टिक्सला उतरलेली. एकेकीला किती कला असतात!)

आपण एक शब्द टाइप करायचा. तो शब्द ती बाई ज्या ज्या तुकड्यांत बोलली असेल ते तुकडे समोर येतात, पण पहिले पाचच. म्हणजे ढोबळ शब्द टाकून भागत नाही, नेमका शब्द शोधावा लागतो. बी.ए.ला मराठी घेतलेली मी, इंग्रजी शब्दांशी झुंजत होते. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं शब्दांनी भरली. सासूबाईंना तर इंग्रजी येतच नाही. त्या शेजारी बसून वाती वळता वळता नुसता त्या बाईचा चेहरा बघायच्या. तिसऱ्या दिवशी त्या एकच वाक्य बोलल्या. ते इथे लिहिलं तर खेळणारीची सगळी मजा जाईल, म्हणून लिहीत नाही. पण मी अकरा पानं भरून जिथे पोचले नव्हते, तिथे त्या वाती वळता वळता पोचल्या होत्या.

असले खेळ म्हणजे पुरुषांचं खूळ, असं मला वाटायचं. पुतण्यानं सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. अमेरिकेतल्या रॉबर्टा विल्यम्स ह्या दोन मुलांच्या आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ‘मिस्टरी हाउस’ हा खेळ रचला. एका घरात एकामागून एक खून होतात आणि खुनी शोधायचा. प्रोग्रॅम नवऱ्यानं लिहिला, १९८० साली तो विक्रीला आला, आणि चित्रं असलेला असा पहिला साहसी खेळ तोच. पुढे सीडी आल्या तेव्हा १९९५ मध्ये तिनंच खरे नट घेऊन सात सीडींचा एक खेळ केला. तो मात्र भुताखेतांचा, मी काही त्याच्या वाटेला जायची नाही.

दुसरी एक न्यूझीलंडमधली ‘केसबुक’ नावाची मालिका आहे, २००८ सालची. तिच्यातही खरे नट. जागेचे फोटो घ्यायचे, मग प्रयोगशाळेत ठसे जुळवायचे. ठशांवरून आठवलं, बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ साली आपल्या कलकत्त्याला निघाली. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघांचा मोठा हात, पण पद्धतीला नाव पडलं ते त्यांचे साहेब हेन्री ह्यांचं. काम कुणाचं आणि नाव कुणाचं, हे आपल्याला काही नवीन नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. ‘हर स्टोरी’मध्ये त्या बाईची उत्तरं तेवढी ऐकू येतात. पोलिसांचा प्रश्न एकही नाही. दोन दिवस मी ‘ही खोटारडी, काल एक बोलली, आज दुसरं’ म्हणत होते. मग मध्येच वाटलं, अगं, पण हिला विचारलं काय होतं?

आणि मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवली.

मी अर्धवेळ शिकवते. तीन वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात एकीच्या दप्तरातून सहलीचे साडेचारशे रुपये गेले. मधल्या सुट्टीत ही मुलगी वर्गात शिरताना कुणीतरी पाहिली होती. आई चार घरची धुणीभांडी करणारी, म्हणून सगळ्यांची बोटं तिच्याकडे. मी तिला दोनदा बोलावलं. आधी म्हणाली, डबा न्यायला आले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पाण्याची बाटली. मी म्हटलं, सापडली! आणि सगळ्या वर्गादेखत ते बोलले. आठ दिवसांनी पैसे त्या पहिल्या मुलीच्या घरीच, कंपासपेटीत मिळाले. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

तिची दोन्ही उत्तरं मला तीन वर्षं तोंडपाठ होती. माझे प्रश्न मात्र आठवेनात. त्या दुपारी तो कॉम्प्युटर तसाच ठेवून मी आठवत बसले. मग आठवलं. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "डबा न्यायला आली होतीस ना?" ती "हो" म्हणाली. डबा हा शब्द तिचा नव्हताच, माझा होता. दुसऱ्या दिवशी "कशाला आली होतीस?" म्हणून दरडावलं, तेव्हा तिनं सुचलं ते सांगितलं.

सुट्टी संपल्यावर नववीच्या वर्गाबाहेर तिला गाठलं. आता माझ्याएवढी उंच झाली आहे. "चूक माझी होती," म्हणाले. पुढचं वाक्य पाठ करून नेलं होतं, ते घशातच राहिलं. तिनं जरा वेळ वहीचा कोपरा दुमडला, उलगडला.

"बाई, मी खडू घ्यायला आले होते," ती म्हणाली. "ठिकरीची घरं आखायला. तुमच्या टेबलावरचा. सांगितलं असतं तर मार बसला असता."

घंटा झाली. ती आत गेली. जाता जाता दारातून वळून म्हणाली, "दोन घेतले होते."