अनुराधपूरला निघण्यापूर्वी

आमच्या ऊर्जानगरातील बावीस उपासक-उपासिका माघ पौर्णिमेनंतर श्रीलंका व थायलंडच्या एकवीस दिवसांच्या धम्मयात्रेला निघत आहेत. त्यात कंत्राटी कामगार आहेत, निवृत्त फिटर आहेत, अंगणवाडीच्या दोन सेविका आहेत, एक शिक्षिका आहेत आणि हिशेब ठेवायला आम्ही आहोत. चार वर्षे दर महिन्याला भिशीत पैसे टाकून ही यात्रा जुळून आली. पासपोर्ट, तिकिटे, जेवणाची सोय या गोष्टी दोन बैठकांत आटोपल्या. सर्वांत जास्त वाद झाला तो कॅमेऱ्याच्या लेन्सवर! बाहेरच्या माणसाला याचे हसू येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मागे आम्ही कुशीनगरला गेलो होतो. महापरिनिर्वाण विहारातील तथागतांची निद्रिस्त मूर्ती सहा मीटरहून थोडी मोठी आहे. आम्ही सर्वांनी मोबाईलने भराभर फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर एकात सोनेरी चमकेचा नुसता गोळा, दुसऱ्यात कुणाच्या तरी टोपीची मागची बाजू, तिसरा हललेला. ज्यांनी येण्याजाण्याचे पैसे नव्हते म्हणून घरी राहणे पत्करले, त्यांना दाखवायला आमच्याकडे धड एक फोटो नव्हता. त्या दिवशी विहारात फार ओशाळल्यासारखे झाले.

आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीत लेकाकडे राहणाऱ्या एक मावशी आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्या सोहळ्यासाठी पुढाकार घेतला होता. मावशी तेव्हा सात-आठ वर्षांच्या. बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी बाबासाहेबांना पाहिले. त्या गर्दीत त्यांच्या घरच्यांचा फोटो कोण काढणार? त्यामुळे त्या दिवसाची घरात काहीच खूण नाही. आता गुडघे गेले आहेत. यात्रेची यादी करताना त्यांनी पदराच्या गाठीतून दोन हजार रुपये काढून आमच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "मले काही येनं होत नाही जी. पन त्या अनुराधपूरच्या झाडाचं पान तुमी मले असं दाखवा का त्याची शीर न् शीर दिसली पायजे."

अनुराधपूरचा जय श्री महाबोधी म्हणजे बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरी हिने ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लंकेत नेली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षही भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहूनच आणला. म्हणजे मावशींनी मागितलेले पान आपल्या नात्यातलेच. अडचण अशी की तो वृक्ष उंच चौथऱ्यावर आहे, भोवती सोनेरी कठडा आहे आणि यात्रेकरूंना खालूनच दर्शन घ्यावे लागते. मोबाईलने काढले तर हिरवा ढीग तेवढा येतो.

बैठकीत आम्ही लेन्सचा विषय काढला तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आमच्या शेजारची मुलगी उठून उभी राहिली. "काका, एवढ्या पैशांत आपल्या अभ्यासिकेला किती पुस्तकं आली असती?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. शेवटी असे ठरले की विहाराच्या निधीला हात लावायचा नाही, जाणाऱ्यांनीच आपसांत वर्गणी करायची, पंचवीस हजारांच्या वर एक पैसा जायचा नाही, आणि परत आल्यावर कॅमेरा-लेन्स विहारात जमा करायचे. मावशींसारख्या ज्यांनी १९५६ पाहिले अशा म्हाताऱ्या माणसांचे फोटो आणि आठवणी त्याने नोंदवायच्या. त्या मुलीने यालाही पूर्ण संमती दिली नाही; परंतु खरेदीला मात्र ती आमच्यासोबत आली, कारण मोबाईलवर भाव पाहण्यात आमच्यापेक्षा ती तरबेज आहे.

कॅमेऱ्याचा प्रश्न दुर्गापूरच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलाने सोडवला. त्याचा जुना कॅनन त्याने विनामोबदला दिला. त्यासोबत १८-५५ ची साधी लेन्स होती. उरला प्रश्न आणखी कोणत्या लेन्स घ्याव्यात याचा.

चंद्रपुरात लेन्स विचारली की दुकानदार वाघाचीच लेन्स काढतो. आम्ही तोंड उघडण्याआधीच त्याने १५०-६०० ची तोफ काउंटरवर ठेवली आणि विचारले, "ताडोबाले जाता का सर?" दोन किलोची वस्तू! विमानात हाताशी न्यायला सात किलोची परवानगी, त्यात दोन किलो लेन्सच. आम्ही म्हणालो, वाघ पाहायला आम्हाला ताडोबात जावे लागत नाही, तोच आमच्याकडे येतो. हा विनोद नाही. वीज केंद्राच्या परिसरातील झुडपांत वाघ-बिबट्यांचा वावर असतो. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या हद्दीत एका कामगाराचा वाघाने आणि लागोपाठ दुर्गापुरात एका मुलाचा बिबट्याने बळी घेतला. पुण्या-मुंबईचे पर्यटक लाखाची लेन्स घेऊन मोहर्लीच्या गेटवर ज्याची वाट पाहतात, त्याच्या भीतीने आमची दुसऱ्या पाळीची माणसे घोळक्याने घरी येतात. असो.

आम्ही वाणिज्य शाखेचे. काचेचे शास्त्र कळत नाही, पण भागाकार येतो. त्या लग्नवाल्या मुलाने एक सूत्र सांगितले, ते वाचकांनाही उपयोगी पडेल. आमच्या कॅमेऱ्यातील सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद आहे. लेन्सवर जो मिलिमीटरचा आकडा असतो त्याने २२ ला भागायचे. १८ ने भागले तर साधारण सव्वा येते. म्हणजे आपण जितके मीटर दूर उभे राहू त्याच्या सव्वापट रुंदीचे दृश्य फोटोत मावते. लेन्सचा आकडा जितका लहान तितके दृश्य मोठे.

मग आम्ही यात्रेची ठिकाणे कागदावर मांडली. पोलोन्नरुवच्या गल विहारातील निद्रिस्त मूर्ती १४ मीटर लांब. हिशेबाप्रमाणे बारा मीटरवर उभे राहिले की आहे त्याच लेन्सने ती पूर्ण येते, आणि तिच्यासमोर मोकळी जागा आहे. बँकॉकच्या वाट फो येथील मूर्ती मात्र ४६ मीटर लांब. तिच्यासाठी ३७-३८ मीटर मागे जावे लागेल, आणि ती तर खांब असलेल्या दालनात आहे. दुकानदार म्हणाला, मग १०-१८ ची वाइड घ्या. भागाकार केला. १० च्या लेन्सनेही सुमारे २१ मीटर मागे सरकावे लागते, आणि मध्ये खांब येतात ते वेगळेच. एका फोटोसाठी पंधरा-वीस हजार? वाइड लेन्सवर आम्ही काट मारली. तेथे बहुतेक लोक पायांच्या बाजूने फोटो काढतात. तळपायांवर शिंपल्यात जडवलेली १०८ शुभचिन्हे आहेत, ती साध्या लेन्सने येतील.

दंबुल्लाच्या पाच गुंफांचा प्रश्न निराळा. आत अंधार आणि रंगीत भित्तिचित्रांमुळे फ्लॅश चालत नाही. येथे आकडा पाहायचा तो 'एफ'चा. हा जितका लहान तितके लेन्सचे तोंड मोठे उघडते. आमची साधी लेन्स झूम केली की ५.६ वर येते. ५० ची एक लहानशी लेन्स १.८ पर्यंत उघडते. दोन्हींत जवळपास दहापट प्रकाशाचा फरक! ही लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि सर्वांत स्वस्त.

तरीही घेण्यापूर्वी खात्री हवी. त्या मुलाने मित्राकडून एका रविवारापुरती ५० ची लेन्स मिळवून दिली आणि आम्ही तिघे मोटारसायकलींवर भद्रावतीला, विजासनच्या लेणीत गेलो. बांधवांनो, आपल्यापैकी कित्येकजण श्रीलंकेची, अजिंठ्याची स्वप्ने पाहतात आणि पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरचे विजासन राहून जाते. डोंगरात सरळ आत जाणारी लांब लेणी, शेवटी तथागतांची मोठी बैठी मूर्ती, उजवीकडे-डावीकडे आणखी दालने व त्यांतही मूर्ती. बाहेर ऊन रखरखत होते आणि आत पाऊल टाकताच डोळ्यांना काही दिसेना. दंबुल्लाची तालीम करायला याहून चांगली जागा कोणती?

साध्या लेन्सने कॅमेऱ्याने सेकंदाचा सहावा भाग मागितला. तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही; चारही फोटो हलले. ५० ची लावल्यावर साठावा भाग आला. भिंतीला कोपर टेकून घेतलेला फोटो स्वच्छ निघाला. पण मुलीच्या लक्षात आले की चेहरा स्पष्ट आहे आणि मांडीवरचे हात धूसर. तोंड पूर्ण उघडले की असे होते म्हणे. एफ २.८ वर केले तेव्हा दोन्ही बऱ्यापैकी आले. तेथे आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले आणि बाहेर येऊन डबा खाल्ला. ५० ची लेन्स तेथेच नक्की झाली.

मावशींच्या पानासाठी ५५-२५० ठरली. पंधरा मीटरवरून २५० ने सव्वा मीटरभर फांदीच चौकटीत येते; पुढे फोटो मोठा केला की पान हाती लागते. नवी घेतली तर पंचवीस हजारांत दोन्ही बसेनात, म्हणून नागपूरला एका दुकानातून जुनी घेतली. घासाघीस करून अकराशे कमी केले म्हणून आम्ही खुशीत. घरी येऊन मुलीने मोबाईलची बॅटरी लेन्सच्या एका बाजूने मारली आणि दुसऱ्या बाजूने पाहिले, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू! बुरशी. दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत होत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही पावती आणि ती मुलगी, दोघांनाही सोबत नेले. तासभराच्या वादानंतर पंधराशे रुपये जादा घेऊन त्याने दुसरी दिली. दोन खेपांचे बसभाडे वेगळेच. जुनी लेन्स घेणाऱ्यांनी दुकानातच बॅटरी मारून पाहावी, एवढेच सांगतो.

आमच्याकडे दुसरा शत्रू राख. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येईल अशी होते. कॅमेरा उघडा धरून गच्चीवर लेन्स बदलली तर राख थेट सेन्सरवर. म्हणून नियम केला की लेन्स बदलायची ती दार लावून, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून. दोन्ही लेन्स आता सौ.च्या फराळाच्या स्टीलच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत आहेत. सौ.ची त्यावर नाराजी आहे.

सोबत्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे हा अवमान समजला जातो. २०१२ साली मूर्तीचे चुंबन घेत फोटो काढणाऱ्या फ्रेंच पर्यटकांना तेथे न्यायालयात उभे राहावे लागले होते. सिगिरियाच्या भित्तिचित्रांचा फोटो काढायचाच नाही. थायलंडात अयुथ्थया येथे वाट महाथाटमध्ये झाडाच्या मुळांत गुंतलेले तथागतांचे शीर आहे. तेथे बसून, आपले डोके त्याच्यापेक्षा खाली ठेवून फोटो घ्यायचा. आमचे एक काकाजी नाराज झाले. "मंग आमी तिथं गेलो होतो हे लोकायले कसं समजन?" त्यांना बाजूला, मूर्तीकडे तोंड करून, हात जोडून उभे करायचे ठरले आहे. कँडीला मात्र त्यांचा हवा तसा फोटो काढू. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब त्या शहरात आले होते, तेथील रस्त्यावर उभे राहून.

नवी लेन्स तपासायला गेल्या रविवारी विहाराच्या गच्चीवरून अंगणातील पिंपळाचे पान टिपले. मावशींना मोबाईलवर मोठे करून दाखवले. त्यांनी चष्मा चढवला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "हे तं आपल्याच विहाराचं हाय." कसे ओळखले म्हणून विचारले, तर त्यांनी पानावरचे राखाडी ठिपके बोटाने दाखवले. "तिथल्या पानावर राख नसन ना जी?"

कॅमेरा, दोन्ही लेन्स, चार्जर व खरेदीच्या पावत्या मिळून पिशवी दोन किलोच्या आत बसली आहे. पंचवीस हजारांपैकी सहाशे चाळीस रुपये शिल्लक आहेत. त्यात एक जादा मेमरी कार्ड घेऊ. नागपूरहून आधी चेन्नई, तेथून कोलंबो. परत आल्यावर पहिल्या पौर्णिमेला विहारात फोटो दाखवण्याचा कार्यक्रम ठेवला आहे. परिसरातील बांधवांनी सहकुटुंब यावे, आणि ज्यांच्या घरी १९५६ पाहिलेली माणसे आहेत त्यांनी त्यांना अवश्य सोबत आणावे. जयभीम!